जुनं कोल्ड्रिंक व्हेंडिंग मशीन कॅन्टीनमध्ये बसवताना : मिरजोळे एमआयडीसीतल्या नोंदी

काम असं : रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत मासळी प्रक्रिया युनिटच्या कॅन्टीनबाहेरच्या पडवीत थंड पेयांचं वापरलेलं व्हेंडिंग मशीन बसवणे. दोन पाळ्या मिळून शंभराच्या आसपास माणसं. सगळं धरून खर्चाची मर्यादा एक लाख. समोर काच, आत ट्रे, ट्रेवर स्प्रिंगा, या प्रकारचं मशीन हवं. नवं या पैशात येत नाही.

८ फेब्रुवारी

काय घ्यायचं नाही ते आधी ठरवलं. जाहिरातींत तीस-पस्तीस हजारांत दिसणारी, जाड पत्र्याची आणि मोठ्या बटणांची मशीनं अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली असू शकतात. मशीनच्या माहितीच्या प्लेटवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्‌झ दिसलं की तिथेच थांबायचं. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा, चालतं, असं विकणारा सांगतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्‌झवर तो कॉम्प्रेसर हळू फिरतो, वाइंडिंग मात्र जास्त तापतं. शिवाय आतले खण कॅनच्या मापाचे. २० रुपयांची प्लास्टिक बाटली त्यात अडकते, नाहीतर दोन-दोन पडतात.

सिरप आणि गॅस सिलिंडरवर चालणारं फाउंटन मशीनही सुचवलं गेलं. त्याला हाताशी माणूस लागतो, नोझल रोज धुवावे लागतात, आणि सांडलेलं सिरप म्हणजे मुंग्यांना आवतण. नको.

१७ फेब्रुवारी, पुणे

बंद झालेल्या एका ऑफिसातलं मशीन. सहा ट्रे, खालचे तीन पेयांसाठी, वरचे खाऊसाठी. २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, कूलिंगचा गॅस आर-१३४ए. मागणी ७२ हजार, सौदा ५८ हजारांवर.

तपासणीचा क्रम लिहून ठेवतो, कारण विकणारा सगळ्यात आधी स्क्रीन आणि लाइटिंग दाखवतो, आणि त्याला काडीचं महत्त्व नाही. जुन्या मशीनमध्ये आपण पेटी आणि कूलिंग विकत घेतो. पैसे घेण्याचा भाग बदलायचाच असतो, हे धरून चाला.

कूलिंगची चाचणी रिकाम्या मशीनवर घेऊ नये. रिकामी पेटी भराभर गार होते आणि डिस्प्लेवर पाच अंश दिसतात, पण ती गार झालेली असते नुसती हवा. पाण्याने भरलेल्या बाटल्या खालच्या ट्रेवर लावायच्या, एका बाटलीत थर्मामीटर सोडायचा आणि त्या बाटलीचं तापमान बघायचं. इथे सकाळी लावलेली बाटली संध्याकाळपर्यंत ७ अंशांवर आली. बरं आहे.

क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) कॉम्प्रेसरचा करंट घेऊन प्लेटवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. प्लेटपेक्षा बराच जास्त असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धुळीने बुजला आहे. बराच कमी असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता. आपला थोडा कमी होता. फेब्रुवारीची गार हवा, असं म्हणून पुढे गेलो. त्याचं काय झालं ते मार्चच्या नोंदीत आहे.

दाराचं रबर : दारात नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. चारही बाजूंनी. सहज सुटली तर तिथून दमट हवा आत जाणार. पुण्यात ते खपून जातं, कोकणात नाही. बिजागरीच्या बाजूला खालचं वीतभर रबर मेलेलं होतं. नवीन पट्टीची किंमत सौद्यातून वजा करून घेतली.

सर्व्हिस मोडमध्ये जाऊन एकेक मोटर फिरवली. एक नंबर दाबला आणि दोन स्प्रिंगा एकदम फिरल्या. मोटरी अशा मशीनमध्ये ओळी-रकान्यांच्या जाळीत जोडलेल्या असतात आणि प्रत्येक मोटरला एक डायोड असतो. तो शॉर्ट झाला की करंट आडवाटेने शेजारच्या मोटरलाही जातो. दोन रुपयांचा डायोड, पण विकणाऱ्याला ते माहीत नसल्याने भाव करायला उपयोगी पडला.

१८ फेब्रुवारी

दहा हजार हातात राखून बाकी रक्कम दिली. कारण महत्त्वाचं आहे. मशीनच्या कंट्रोल बोर्डातलं सिम आणि सर्व्हरवरचं खातं आधीच्या चालवणाऱ्याच्या नावावर होतं. मशीनवर चिकटवलेला क्यूआर त्याचाच. तो स्कॅन केला तर बाटली आपली आणि पैसे त्याला. काही बोर्ड तर सर्व्हरचा हुकूम आल्याशिवाय मोटरच फिरवत नाहीत. म्हणून अट घातली : मशीनचा अनुक्रमांक त्या खात्यातून काढल्याचा पुरावा मिळाला की उरलेले दहा हजार. पुरावा मार्च संपताना आला. पैसे आधी दिले असते तर आलाच नसता, असं माझं मत.

२२ फेब्रुवारी

वाहतूक. आंबा घाटातून, टेम्पोत उभंच. आडवं केलं तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. स्प्रिंगा आणि ट्रे काढून वेगळे बांधले, दार कुलूप लावून वरून पट्ट्याने आवळलं, काचेला जुनी गादी. टेम्पो आणि दोन्हीकडची हमाली मिळून ११,५००.

पोचल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत प्लग लावला नाही. पॅलेट ट्रकवरून पडवीपर्यंत आलं. मशीनची मापं घेताना दाराचा हँडल आणि मागची जाळी धरून घ्यावीत. कॅन्टीनच्या दारातून आत नेण्याचा विचार तिथेच सोडावा लागला. पडवी त्या मानाने बरी : वारा आहे, पाठीमागे भिंतीपासून एक वीत जागा सोडता आली. पाऊस थेट येत नाही, झड येते.

२५ फेब्रुवारी

पातळी. पडवीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची आहे. स्पिरिट लेव्हल ठेवून चारही पाय जुळवले. पुढे झुकलेलं मशीन दार आपोआप उघडं टाकतं आणि बाटल्या स्प्रिंगवरून वेळेआधी घसरतात. मागे किंचित, अगदी नावाला झुकलेलं चालतं. वर लोखंडी अँगलने भिंतीला बांधलं. बाटली अडकली की माणसं मशीन हलवतात, हे गृहीत धरायचं.

२ मार्च

वीज. संध्याकाळी पाळी बदलताना सॉकेटवर १९० व्होल्टपर्यंत उतरतं. त्या व्होल्टवर कॉम्प्रेसर सुरू होताना गुरगुरतो आणि ओव्हरलोड उडतो. २ केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवला. यात एकच गोष्ट पाहायची : वीज गेली-आली की तीन मिनिटं थांबून मग लाइन देणारा हवा. वीज क्षणभर जाऊन आली तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो, आणि दाबाविरुद्ध सुरू करताना कॉम्प्रेसर जळतो. ६,२००.

एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) १६ अँपिअर, सी प्रकारचा. बी प्रकारचा एमसीबी कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याने उगाच पडू शकतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावलाच पाहिजे, ओल्या हातांची आणि ओल्या गमबुटांची माणसं येणार.

अर्थिंगला जास्त वेळ गेला. जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि रोध वाढतो. जुना खड्डा मोजला तर १४ ओहम. मीठ-कोळसा घालून, पाणी ओतून ८ वर आला आणि आठवड्याने परत चढला. शेवटी बेंटोनाइट मिश्रण भरून नवा इलेक्ट्रोड, ५,५००. आता ४ ओहमच्या आत. खर्च अनाठायी वाटेल, पण मशीनच्या पत्र्याला हात लावून उभी राहणारी माणसं ओल्या फरशीवर असतात.

९ मार्च

बाटलीतलं तापमान ११ अंशांच्या खाली जाईना. पुण्यातल्या कमी करंटचा अर्थ आता कळला. मागचा पत्रा उघडला तर इव्हॅपोरेटरच्या (पेटी गार करणाऱ्या नळ्यांच्या) एका यू-बेंडजवळ, म्हणजे नळीच्या वळणाजवळ, तेलाचा ओलसर डाग. गॅस दिसत नाही, पण जाताना तेल घेऊन बाहेर येतो. डाग म्हणजे गळती. सौद्याच्या दिवशी तो पत्रा उघडायलाच हवा होता.

१२ ते १६ मार्च

रत्नागिरीत कूलिंगचे मेकॅनिक भरपूर, पण बर्फ कारखान्यांमुळे अनेकांचा हात अमोनियावर बसलेला. छोट्या सीलबंद सिस्टमला घरगुती फ्रीज करणारा माणूस बरा. पहिल्याने सल्ला दिला : गॅस टॉप-अप करू, सहा महिने जातील. नाकारला. गळती तशीच ठेवून गॅस भरणं म्हणजे चाळणीत पाणी.

दुसऱ्याकडून करून घेतलेला क्रम :

उरलेला गॅस काढला. नायट्रोजन १० बारपर्यंत भरून साबणाचा फेस लावला, यू-बेंडवर बुडबुडे आले. ब्रेझिंग केलं, म्हणजे धातू वितळवून सांधा बुजवला. पुन्हा नायट्रोजन, रात्रभर दाब धरला. फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा धरणारी कुपी) बदलला. सिस्टम उघडली की तो बदलायचाच, जुना परत लावू देऊ नका. मग व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजण्याचं माप) खाली. इथे घाई चालत नाही. आर-१३४ए बरोबरचं पीओई (कॉम्प्रेसरचं कृत्रिम) तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आपल्याकडच्या हवेत दमटपणाच जास्त. नळी उघडी टाकून कोणी चहाला गेला तर पाणी आत गेलं समजा. ते पुढे कॅपिलरीच्या (गॅस जातो त्या बारीक नळीच्या) तोंडाशी गोठतं आणि मशीन थोडा वेळ गार, थोडा वेळ गरम असं वागू लागतं.

गॅस वजनकाट्यावर, प्लेटवर लिहिलेले ग्रॅम मोजून. मेकॅनिकची सवय सक्शनचा दाब बघून अंदाजाने भरण्याची होती. कॅपिलरीच्या सिस्टममध्ये पन्नास ग्रॅमचा फरकही कळतो. कमी झाला तर इव्हॅपोरेटरचा अर्धाच भाग गार होतो, जास्त झाला तर द्रव कॉम्प्रेसरपर्यंत परत येतो. आणि दुसरा कुठलाही गॅस यात भरायचा नाही, तो जवळ आहे म्हणूनसुद्धा नाही.

सगळं मिळून ७,८००. बाटली आता ५ अंशांवर.

२१ मार्च

स्प्रिंगा. पेयांच्या ट्रेवर असलेल्या जुन्या स्प्रिंगा टेट्रापॅकच्या मापाच्या होत्या. दोन वेढ्यांमधलं अंतर बाटलीच्या व्यासापेक्षा थोडंसंच जास्त हवं. फार जास्त असेल तर बाटली आडवी होते, कमी असेल तर आवळते आणि मोटर एरर येतो. व्यास बाटलीच्या बुडाशी न मोजता जिथे ती सर्वांत जाड आहे तिथे, व्हर्निअरने मोजावा. कंपनी बाटलीचा आकार बदलते तेव्हा हे पुन्हा करावं लागतं. नव्या स्प्रिंगांचे ४,८००.

बसवताना स्प्रिंगचं शेवटचं टोक कुठे थांबतं ते महत्त्वाचं. टोक खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवून सुरुवात केली. बाटली पडत नव्हती, कडेवर लटकत होती. स्प्रिंग मोटरच्या कपलिंगमधून मागे ओढून सोडवायची, एक खाच फिरवायची, परत अडकवायची, पाच बाटल्या टाकून बघायच्या. प्रत्येक स्प्रिंगला ही खाच वेगळी लागली. पाणी भरलेल्या बाटल्यांवर चाचणी घ्या. सोड्याच्या बाटल्यांवर घेतली तर त्या दिवशी विकायला माल राहत नाही.

सोड्याच्या बाटल्या सर्वांत खालच्या ट्रेवर, पडण्याची उंची कमी राहावी म्हणून. पडलेली बाटली लगेच उघडली की फेस उडतो. बाटली पडते त्या खणात रबरी मॅट टाकल्यावर बराच कमी झाला. काचेची बाटली कुठल्याच ट्रेवर नाही, त्यामुळे गोटी सोडा बाद. सोलकढीची मागणी झाली. ती टिकत नाही, मशीनमध्ये ठेवायची वस्तूच नव्हे. बाटलीबंद कोकम सरबत मात्र ठेवलं. लेबलवर एफएसएसएआय क्रमांक आणि एमआरपी छापलेली असेल तरच.

२९ मार्च

पैसे घेण्याचा भाग.

नोटा घेणारं जुनं युनिट काढून टाकलं. ते २०१७ च्या आधीचं होतं. त्यानंतर आलेल्या महात्मा गांधी नव्या मालिकेतल्या नोटांची मापंच वेगळी : जुनी शंभराची १५७ बाय ७३ मिलिमीटर, नवी १४२ बाय ६६. जुन्या रुंदीच्या खाचेत नवी नोट तिरकी जाते, आणि सरळ गेली तरी सॉफ्टवेअर तिला ओळखत नाही. नाण्यांचं युनिटही काढलं. दहाचं आणि वीसचं नाणं दोन्ही २७ मिलिमीटरचं, वजन आणि कडा वेगळ्या. जुन्या युनिटला २०२० मधलं वीसचं माहीतच नाही. शिवाय सुट्या पैशांचा डबा रोज भरणार कोण?

बोर्डाला एमडीबी (बोर्ड आणि पैसे घेणारी उपकरणं जोडण्याची ठरलेली पद्धत) जोडणी होती, म्हणून बाहेरचं यूपीआय मॉड्यूल लावता आलं. एमडीबी नसेल तर मशीन घेऊच नका, पूर्ण बोर्ड बदलावा लागतो. सहा पिनांचा कनेक्टर : पिन १ वर डीसी पुरवठा, २ त्याचा परतीचा, ४ आणि ५ माहितीच्या, ६ त्यांची कॉमन, ३ रिकामी. मॉड्यूल लावण्याआधी १ आणि २ वर व्होल्ट मोजा. एमडीबीच्या नियमात ४० च्या पुढेही व्होल्ट जाऊ शकतात, आणि बाजारातल्या मॉड्यूलवर १२ ते २४ छापलेलं असतं. इथे ३३ व्होल्ट निघाले. मधे बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्ट उतरवणारं सर्किट) टाकून २४ केले. मीटर न लावता जोडलं असतं तर १४,५०० चं मॉड्यूल पहिल्याच मिनिटाला गेलं असतं.

पहिल्या चाचणीत २० ची बाटली स्क्रीनवर २.०० दिसली. बोर्ड आणि मॉड्यूल यांचं दशांश आणि स्केलिंग जुळलेलं नव्हतं. सगळे भाव एक रुपया ठेवून चाचणी घ्या, मग खरे टाका.

४ एप्रिल

क्यूआर दर वेळी नवा, रकमेसहित, दोन मिनिटांत बाद होणारा घ्यावा. छापील स्थिर क्यूआरवर पैसे येतात पण मशीनला कळत नाही कोणी कशासाठी दिले. पैसे गेले आणि बाटली आली नाही, ही तक्रार सुरुवातीला रोज. कारण नेट. पडवीवरचा पत्रा आणि शेजारचं कोल्ड स्टोअर यांच्यामधे मोबाइलचं सिग्नल मरतं. अँटेना केबलने पत्र्याच्या वर नेली, तक्रारी थांबल्या. बाटली पडल्याचं सांगणारा सेन्सर मॉड्यूलशी जोडलेला असला की न पडल्यास पैसे आपोआप परत जातात. सेन्सरची काच दर आठवड्याला पुसायची.

११ एप्रिल

खप अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. ऑफिसातली माणसं घेतात, प्रोसेसिंगमधल्या बायका घेत नाहीत. कारण साधं : प्रोसेसिंग हॉलमध्ये मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो, आणि मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. लॉकरपर्यंत जाऊन येण्यात ती संपते.

उपाय प्रीपेड कार्ड. वेगळा कार्ड रीडर लावून पाहिला. एमडीबीवर कॅशलेस उपकरणांसाठी दोन पत्ते (ओळख क्रमांक) असतात, पण जुना बोर्ड दुसऱ्या पत्त्याला विचारतच नाही. मॉड्यूलच्या पुरवठादाराकडून कार्ड रीडर आतच असलेलं मॉडेल वरचे पैसे न घेता बदलून मिळालं, पण त्यात पंधरवडा गेला. कार्ड कॅन्टीनच्या काउंटरवर रोख देऊन भरतात आणि ओळखपत्राच्या मागे अडकवतात. आता मधल्या सुट्टीत रांग लागते. हे आधी विचारायला हवं ते कॅन्टीनवाल्याला नाही, पाळीच्या मुकादमीणबाईंना. त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं.

२ मे

आतापर्यंतचा हिशोब : मशीन ५८,०००, वाहतूक ११,५००, गॅसचं काम ७,८००, यूपीआय मॉड्यूल १४,५००, स्टॅबिलायझर ६,२००, स्प्रिंगा ४,८००, अर्थिंग ५,५००, रबर, वायर, एमसीबी, अँटेना वगैरे ३,४००. एकूण १,११,७००. मर्यादा ओलांडली. गळती आधी सापडली असती आणि तिची किंमत सौद्यातून कापली असती, तरी लाखाच्या वरच गेलं असतं. अशा कामाला मशीनच्या किमतीइतकेच पैसे पुन्हा बाजूला ठेवावेत.

एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त लावता येत नाही. विजेचा खर्च भावात घालू, अशी सूचना आली होती, ती तिथेच संपली. पैसे वसूल करायचे तर माल घाऊक घेऊनच. मशीन दिवसाला सहा-सात युनिट खातं.

१८ मे

पत्र्याच्या गोदामातून आलेल्या ३५ अंशांच्या बाटल्या थेट मशीनमध्ये भरल्या की दुपारच्या पाळीला कोमट मिळतात. आता आदल्या रात्री कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये ठेवतात. भरताना जुन्या पुढे, नव्या मागे. सांगावं लागतं, कारण पुढून भरणं सोपं असतं.

९ जून

पाऊस. काचेवर बाहेरून पाणी. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. काचेचा हीटर तपासला, एक तार तुटलेली, जोडली. सेटिंग ४ वरून ७ अंश केलं. पावसाळ्यात कोणी चारची बाटली मागत नाही.

मोठी अडचण खालच्या तसराळ्याची. इव्हॅपोरेटरचं पाणी कॉम्प्रेसरजवळच्या तसराळ्यात येतं आणि उष्णतेने उडून जातं, अशी रचना. कोरड्या हवेसाठी ठीक. इथे जून लागताच ते भरून फरशीवर आलं. पाइप काढून थेट गटारात सोडला, वाटेत यू-ट्रॅप (पाणी साचून राहणारं वळण) देऊन. नाहीतर त्याच पाइपमधून गरम हवा आणि झुरळं वर येतात.

२३ जून

एक मोटर थांबेना. मोटरच्या मागच्या होम स्विचचे (फेरा पूर्ण झाल्याचं सांगणाऱ्या स्विचचे) संपर्क हिरवट झालेले. खारी हवा. सगळे स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतले, बोर्डांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (दमटपणापासून जपणाऱ्या पातळ थराचा) स्प्रे मारला, कनेक्टरांवरून टाळून. बोर्डाच्या खोक्यात एक वाळलेली पाल सापडली. केबल जातात ती भोकं सिलिकॉनने बंद केली. कंडेन्सर दर महिन्याला मागून ब्लोअरने, मग गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने. मीठ साचू दिलं तर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बोटाने चुरतात.

५ जुलै

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, युनिट एका पाळीवर. खप पडला. लहान प्लास्टिक बाटलीतला गॅस ठेवून ठेवून उतरतो, त्यामुळे मे महिन्यात उत्साहाने भरलेला साठा लेबलवरची तारीख पाहून आधी संपवला. तीनपैकी दोन पेय-ट्रे रिकामे ठेवले आहेत. मशीन मात्र चालूच. बंद करून दार लावून ठेवलं तर आठवड्यात आत बुरशी येते. बंद करायचंच तर पुसून, कोरडं करून, दार लाकडाच्या चापटाने उघडं ठेवून.

२० जुलै

बंदी उठण्याआधी करायचं : दाराच्या रबराला वरच्या कोपऱ्यात फट दिसते, पट्टी मागवली आहे. इव्हॅपोरेटर पंख्याचा आवाज बदललाय, बुशिंगची मोटर काढून बेअरिंगची टाकायची. मागवताना व्होल्ट, वॅट, पात्यांचा व्यास आणि फिरण्याची दिशा, चारही लिहून द्यायची. ब्रेझिंग केलेल्या यू-बेंडवर पुन्हा एकदा साबणाचा फेस.